युद्धाच्या सावलीत लोकशाही : अथेन्स ते परभणी

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात चार दिवस लढाई झाली. ७ मे रोजी सुरू झाली, १० मे रोजी थांबली. त्याआधी २२ एप्रिलला पहलगाममध्ये अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसं मारली होती. मारले गेलेल्यांत सय्यद आदिल हुसैन शाह नावाचा एक घोडेवालाही होता. पर्यटकांना वाचवायला तो पुढे झाला होता. त्या हल्ल्याचा निषेध देशभरातल्या मशिदींतून झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

लढाई चार दिवसांत थांबली, पण त्या दिवसांत टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर आणि चहाच्या टपरीवर जी भाषा सुरू झाली ती मात्र थांबली नाही. सरकारला प्रश्न विचारला तर देशद्रोही, शांततेची गोष्ट केली तर भित्रा. आणि मुसलमान असाल तर गप्प बसलात तरी शंका, बोललात तरी शंका. त्या दिवसांत दहावीच्या एका मुलाने मला विचारलं, "सर, युद्ध सुरू असलं की लोकशाही बंद ठेवतात का?" प्रश्न साधा आहे, पण अडीच हजार वर्षं जुना आहे. त्याचं उत्तर ग्रीसच्या इतिहासात आहे, आणि आपल्या मराठवाड्याच्या इतिहासातही आहे. दुसऱ्या इतिहासाबद्दल आपण फार कमी बोलतो, म्हणून हा लेख.

अथेन्समध्ये काय झालं?

लोकशाहीची सुरुवात अथेन्समधून झाली असं पाठ्यपुस्तकात असतं. ती लोकशाही अपुरी होती. बायकांना मत नव्हतं, गुलामांना नव्हतं, बाहेरून येऊन राहिलेल्यांना नव्हतं. तरीही त्या काळात शेतकरी, कुंभार, होडीवाला अशी माणसं टेकडीवरच्या सभेत बसून युद्ध करायचं की तह, हे हात वर करून ठरवत होती. ही छोटी गोष्ट नव्हती.

इ.स.पूर्व ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांचं युद्ध सुरू झालं. ते मध्ये थोडं थांबून तब्बल २७ वर्षं चाललं. दुसऱ्याच वर्षी शहरात साथ आली, हजारो माणसं गेली आणि इ.स.पूर्व ४२९ मध्ये पेरिक्लीस हा मोठा नेताही गेला. त्यानंतर सभेत गरम डोक्याच्या वक्त्यांचं चालू लागलं.

इ.स.पूर्व ४२८ मध्ये मायटिलीनी नावाच्या नगराने अथेन्सविरुद्ध बंड केलं. इ.स.पूर्व ४२७ मध्ये बंड मोडलं, आणि सभेने रागाच्या भरात ठराव केला की तिथल्या सगळ्या पुरुषांना मारा, बायका-मुलांना गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालं. रात्रीत लोकांचा राग थोडा उतरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली आणि थोड्याशा मतांच्या फरकाने ठराव फिरवला गेला. दुसरं जहाज जीव तोडून वल्हवत गेलं आणि कत्तल होता होता टळली. म्हणजे तोपर्यंत लोकशाहीत दुसऱ्या दिवशी शहाणं होण्याची ताकद शिल्लक होती.

पुढे ती ताकदही गेली. इ.स.पूर्व ४१६ मध्ये मेलोस या छोट्या बेटावर हल्ला झाला. पुरुषांना मारलं, बायका-मुलांना विकलं, आणि दुसरं जहाज निघालं नाही. पुढच्याच वर्षी सिसिलीवर प्रचंड मोहीम काढली. इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो की ज्यांना ती मोहीम पटली नव्हती ते हात वर करायला घाबरले, कारण आपल्याला देशाचा वैरी म्हणतील अशी भीती होती. इ.स.पूर्व ४१३ मध्ये ती सगळी फौज आणि आरमार नष्ट झालं. गप्प बसलेल्यांची शंका खरी ठरली, पण ती ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

इ.स.पूर्व ४११ मध्ये तर सभेने स्वतःच मत देऊन लोकशाही मोडली आणि सत्ता चारशे जणांच्या हाती दिली. त्याआधी काही लोकनेत्यांचे खून झाले होते आणि भीतीपोटी कुणी तपासही मागत नव्हतं. लोकशाही परत आली, पण जखमी होऊन. इ.स.पूर्व ४०६ मध्ये अथेन्सने समुद्रावर मोठी लढाई जिंकली. वादळामुळे बुडणाऱ्या खलाशांना वाचवता आलं नाही, म्हणून जिंकून आलेल्या सेनापतींवरच खटला झाला. प्रत्येकाची बाजू वेगळी न ऐकता एकाच मताने सगळ्यांना मृत्युदंड दिला गेला, आणि हाती लागलेल्या सहा जणांना मारलं. हे कायद्याविरुद्ध आहे असं सांगत सॉक्रेटिस अडून राहिला होता. नंतर लोकांना पश्चात्ताप झाला, पण मेलेली माणसं परत येत नाहीत.

इ.स.पूर्व ४०४ मध्ये अथेन्स हरलं. स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांचं जुलमी राज्य आलं आणि काही महिन्यांत सुमारे १,५०० माणसं मारली गेली.

या सगळ्यातून तीन गोष्टी दिसतात. युद्धात विरोधी मत म्हणजे गद्दारी ठरते. मग सभेत बोलणाऱ्यापेक्षा हातात शस्त्र असलेल्याचं चालतं. आणि घाईत, 'तात्पुरतं' म्हणून मोडलेले नियम परत जागेवर येत नाहीत. थ्युसिडिडीसने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. यादवी आली की शब्दांचे अर्थ बदलतात, अविचाराला शौर्य म्हणतात आणि सबुरीला भित्रेपणा. आजचा टीव्ही लावून बघा, पटतं की नाही.

आता आपल्या घराकडे या

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे त्या संस्थानाचे पाच मराठी जिल्हे. राजा मुसलमान, बहुसंख्य रयत हिंदू, सरकारी भाषा उर्दू. निवडून आलेलं जबाबदार सरकार नव्हतं. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. १९३९ मध्ये निजाम सरकारने काही सुधारणा जाहीर केल्या. त्या फारच तोकड्या होत्या, पण विधिमंडळ नावाची काहीतरी वस्तू त्यात होती. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि त्या सुधारणाही मागे पडल्या. स्टेट काँग्रेसवरची बंदी उठली तीच मुळी युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये. म्हणजे युद्ध युरोपात होतं, पण परभणीच्या माणसाचं मत तिजोरीत बंद राहिलं.

त्याच १९४६ मध्ये मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीनचं नेतृत्व लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे गेलं. रझाकार ही त्यांची सशस्त्र फळी. १५ ऑगस्ट १९४७ नंतर निजामापुढे प्रश्न होता की भारतात सामील व्हायचं, की नाही. बोलणी चालू होती. ऑक्टोबरमध्ये कराराचा मसुदा तयार झाला आणि निजामाच्या कौन्सिलने बहुमताने तो मान्य केला. शिष्टमंडळ दिल्लीला निघणार होतं. २७ ऑक्टोबरच्या पहाटे रझवी यांच्या माणसांनी पंतप्रधान छतारीचे नवाब आणि शिष्टमंडळातल्या इतरांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ गेलं नाही, छतारी बाजूला झाले, आणि डिसेंबरमध्ये मीर लायक अली पंतप्रधान झाले. बहुमत कागदावर राहिलं आणि निर्णय गर्दीने घेतला. अथेन्समध्ये इ.स.पूर्व ४११ मध्ये जे झालं, त्याची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

२९ नोव्हेंबर १९४७ ला 'जैसे थे' करार झाला खरा, पण तोवर दोन्हीकडून शस्त्रं निघाली होती. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. तिकडे सरहद्दीवर स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र छावण्या उभ्या राहिल्या, जानेवारी १९४८ मध्ये आपल्या शेजारच्या उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा चालू होताच. सामान्य माणूस, तो मारुतीच्या पारावरचा असो की मशिदीच्या ओट्यावरचा, मधल्यामध्ये अडकला. त्याला कुणी विचारलंच नाही की बाबा, तुला काय हवंय?

शोएबउल्ला खान विसरू नका

या गदारोळात बोलणारे मुसलमान नव्हते का? होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान रझाकारांवर उघड टीका करत होते आणि भारतात विलीन होण्याची बाजू मांडत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये काही मुस्लिम मान्यवरांनी निवेदन काढून रझाकारांना आवरा, भारतात सामील व्हा, असं निजामाला सांगितलं. ते निवेदन शोएबउल्ला यांनी छापलं. त्याच महिन्यात, रात्री घरी परतताना, त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा जीव गेला.

आज आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे? कासिम रझवी हे नाव सगळ्यांना माहीत आहे, कारण ते आपल्या तोंडावर फेकलं जातं. शोएबउल्ला खान हे नाव ना ते घेतात, ना आपण घेतो. माझ्या मते मराठवाड्यातल्या प्रत्येक उर्दू शाळेत १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, या उर्दू पत्रकाराबद्दल पाच मिनिटं तरी बोललं पाहिजे. मुलांना कळेल की त्या लढ्यात उर्दू ही फक्त हुकमाची भाषा नव्हती, हकची आवाज उठवणारी भाषाही होती.

पाच दिवसांची लढाई, साडेतीन वर्षांची वाट

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवसांत सगळं आटोपलं. सरकारने त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं, रणगाडे आणि विमानं असूनही. इथेही शब्दांचे अर्थ बदललेच.

संस्थान गेलं हे चांगलंच झालं, त्यात दुमत नको. एका माणसाच्या मर्जीवर लाखोंचं राज्य चालणं कुठल्याच हिशोबाने योग्य नव्हतं. पण त्यानंतर गावोगावी जे झालं तेही इतिहासच आहे. रझाकारांच्या पापाचा बदला ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमानांवर निघाला. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरली. त्यांनी कमीत कमी २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर यांच्याबरोबर आपला शेजारी नांदेड होता. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांचाही उल्लेख आहे, आणि जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचाही. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

इथे माझा मुद्दा रडगाण्याचा नाही. मुद्दा लोकशाहीचा आहे. एवढं सगळं घडत असताना लोकांचं म्हणणं मांडायला आमदार नव्हता, विधानसभा नव्हती, प्रश्नोत्तराचा तास नव्हता. राज्य होतं मेजर जनरल जे. एन. चौधरी या लष्करी गव्हर्नरांचं, ते डिसेंबर १९४९ अखेरपर्यंत. जहागिरी रद्द करण्यासारखं मोठं काम त्याच काळात झालं, हे मान्य केलं पाहिजे. पण तेही हुकमाने झालं. नंतर एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी नेमलेले मुख्यमंत्री होते. लोकांनी निवडलेलं पहिलं सरकार, बुर्गुला रामकृष्ण राव यांचं, मार्च १९५२ मध्ये आलं. लढाई पाच दिवसांची, पण मताची वाट साडेतीन वर्षांची.

आणि जेव्हा मत देण्याची वेळ आली तेव्हा परभणीकरांनी काय केलं? १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत इथून शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून आले. देशभर काँग्रेसची लाट असताना, काँग्रेसबाहेरचा. म्हणजे लोकांच्या मनात काहीतरी वेगळं होतं. विचारलं की लोक सांगतात. प्रश्न विचारण्याचा असतो.

कासिम रझवी यांचं काय झालं? तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये ते सुटले आणि पाकिस्तानात निघून गेले. रयत मात्र इथेच राहिली. नोकऱ्या गेल्या, इज्जत गेली, संशय कपाळी आला. ज्यांच्या नावाने ते लढले म्हणत होते, त्यांनाच हिशोब चुकवावा लागला. जोशात येऊन कौमला युद्धाच्या भाषेत हाक देणाऱ्या प्रत्येक नेत्याला हा प्रश्न विचारायला हवा की साहेब, उद्या वेळ आली तर तुम्ही कुठे असाल आणि आम्ही कुठे असू?

स्वतंत्र भारतातला अनुभव

हे फक्त संस्थानात झालं असंही नाही. चीन युद्धामुळे २६ ऑक्टोबर १९६२ ला देशात आणीबाणी लागली. युद्ध नोव्हेंबरातच थांबलं, आणीबाणी उठली जानेवारी १९६८ मध्ये. त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली विनाचौकशी अटका झाल्या. चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना, ज्यात पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेले सुतार-चांभार होते, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं.

३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तान युद्धामुळे पुन्हा आणीबाणी. युद्ध १६ डिसेंबरला जिंकून संपलं, आणीबाणी राहिली मार्च १९७७ पर्यंत. १९७५ ची आणीबाणी सगळ्यांना आठवते, पण ती लागली तेव्हा आधीची, युद्धाची आणीबाणी चालूच होती, हे फार थोड्यांना आठवतं. मिसाचा कायदाही १९७१ चा. तुरुंगात समाजवादी गेले, संघाचे गेले आणि जमात-ए-इस्लामीचेही गेले. लोकसभेची मुदत संपूनही निवडणूक वर्षभर पुढे ढकलली गेली.

पण इथे आपल्या लोकशाहीने एक काम अथेन्सपेक्षा चांगलं केलं. १९७७ मध्ये लोकांनी सरकार बदललं आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने दार थोडं पक्कं केलं. आता 'अंतर्गत अशांतता' एवढं कारण आणीबाणीला पुरत नाही, आणि आणीबाणी असली तरी कलम २१ मधला जगण्याचा व स्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येत नाही. दुसरं जहाज पाठवायची सोय घटनेतच करून ठेवली आहे, असं म्हणा ना.

आज काय चाललंय?

रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केला आणि लगेच कायदा केला. सैन्याची बदनामी म्हणजे गुन्हा. त्या हल्ल्याला 'युद्ध' म्हणणंही महागात पडू लागलं. दुसरीकडे युक्रेन हा अन्यायाचा बळी असलेला देश. पण तिथेही फेब्रुवारी २०२२ पासून लष्करी कायदा आहे, आणि २०२४ मधली राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली नाही. आक्रमक असो वा बळी, युद्ध दोघांच्याही मतपेटीला कुलूप लावतं.

आपल्याकडे मे २०२५ मध्ये पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या १९ वर्षांच्या काश्मिरी मुलीने एक पोस्ट पुढे पाठवली, मग काढून टाकली, माफीही मागितली. तरी तिला कॉलेजातून काढलं आणि अटक केली. पोस्ट योग्य नव्हती असं कुणी म्हणेल, म्हणू द्या. पण २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला खडे बोल सुनावले, तिची सुटका केली आणि परीक्षेला बसू दिलं. हेच ते दुसरं जहाज. या वेळी ते वेळेवर पोहोचलं. दर वेळी पोहोचेल याची हमी कोण देणार?

प्रतिनिधी नसला की काय होतं, ते परभणीकरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. आपल्या महापालिकेत २०२२ पासून प्रशासक होता, मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. कारण युद्ध नव्हतं, आरक्षणाचा आणि प्रभागांचा कोर्टातला वाद होता. पण नळाला पाणी नाही, नाली तुंबली, तर कुणाच्या दारात जायचं हे त्या काळात समजत नव्हतं. शांततेच्या काळात एक प्रशासक इतका लांबतो, तर युद्धाच्या नावाखाली काय काय लांबू शकेल, विचार करा.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, देशावर हल्ला झाला तर देशाबरोबर उभं राहणं आणि सरकारला प्रश्न विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. आपला जवान कुठे मरतोय, का मरतोय, हे विचारणं हा त्या जवानाच्या आईचाही हक्क आहे. तो सोडायचा नाही.

दुसरी गोष्ट, युद्धाची भाषा आपल्या मोहल्ल्यातून आली तरी तितकीच धोक्याची. छतारींच्या घराला वेढा घालणारी गर्दी आपलीच होती आणि शोएबउल्ला खान यांना मारणारेही आपलेच होते. आपल्यातल्या वेगळ्या मताच्या माणसाला 'बिकाऊ' म्हणण्याआधी हे आठवावं. मशवरा ही आपल्या दीनमधली गोष्ट आहे, आणि मशवऱ्यात 'नाही' म्हणणारा लागतोच.

तिसरी गोष्ट, भडकलेल्या दिवशी फॉरवर्ड करू नका. एक रात्र जाऊ द्या. मायटिलीनीचे लोक त्या एका रात्रीमुळे वाचले.

चौथी गोष्ट, कागद सांभाळा. मतदार यादीत नाव आहे का ते बघा, वॉर्डाच्या सभेला जा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. लोकशाही भाषणात कमी आणि अशा कंटाळवाण्या कामांत जास्त असते. ही कामं शांततेच्या दिवसांत केली तरच वादळात उपयोगी पडतात.

आणि शेवटचं. इ.स.पूर्व ४०३ मध्ये अथेन्सने लोकशाही परत आणली तेव्हा तिथल्या लोकांनी शपथ घेतली की मोठे गुन्हेगार सोडून बाकी कुणावर जुना राग काढायचा नाही. नंतर त्याच लोकशाहीने इ.स.पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला विष दिलं, म्हणजे जखम पूर्ण भरली नव्हती. तरी त्या शपथेमुळे शहर पुन्हा एकत्र राहू शकलं. मराठवाड्यात अशी शपथ कुणी जाहीर घेतली नाही. पण गावागावांत लोकांनी ती मनातल्या मनात घेतली असणार, नाहीतर १९४८ नंतर एकाच आठवडी बाजारात, एकाच एसटीत, एकाच शेताच्या बांधावर आपण पुन्हा बसलो नसतो. त्या माणसांनी फार बोलून न दाखवता जे जोडलं, ते तोडायला एक चार दिवसांची लढाई आणि एक मोबाईल पुरेसा आहे. ते तुटू द्यायचं नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.